गाऱ्हाणे कोणापुढे घालावे?

गाऱ्हाणे या शब्दाला आमच्या मुलखात दोन अर्थ आहेत. पहिला सर्व मराठी भाषकांस ठाऊक आहे, तो तक्रार हा. दुसरा कोकण-गोमंतकातला. देवळाच्या चौकात मंडळी जमतात, देवापुढे नारळ ठेवला जातो, आणि एक जाणता मनुष्य उभ्याने देवाशी बोलू लागतो. अमुक गावचे, अमुक घरचे हे तुझे लेकरू तुझ्या पायाशी आले आहे. त्याचे असे असे अडले आहे. ते तू असे असे सोडव. प्रत्येक वाक्यागणिक भोवतालची मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. देव ऐकतो किंवा नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न झाला. पण गाऱ्हाणे अर्ध्यावर तोडून ‘कृपया प्रतीक्षा करा’ असे कोणी म्हटल्याचे आम्ही आजवर ऐकलेले नाही.

हे आम्हांस आठवण्याचे कारण मात्र देवळातले नसून बाजारातले आहे. २०२४ सालच्या ऑगस्टची २९ तारीख, गुरुवार. चवथ नऊ दिवसांवर आलेली. आमच्या धाकट्या बहिणीची सासरची ती पहिलीच चवथ. पहिल्या चवथीस माहेराहून लेकीकडे वजें जाते : नेवऱ्या, लाडू, नारळ, फळफळावळ आणि यथाशक्ती आणखी काही. ते वेळेवर आणि भरघोस गेले नाही तर उघड कोणी काही बोलत नाही, पण आईच्या मनाला ते पुढे वर्षभर टोचत राहते. या खर्चासाठी आमच्या मातोश्री बाजारातील एका एटीएम यंत्रापाशी गेल्या व त्यांनी दहा हजार रुपये मागितले. यंत्र नेहमीप्रमाणे आतल्या आत घरघरले, नोटा मोजल्याचा आवाज झाला, आणि सारे शांत झाले. नोटा बाहेर आल्या नाहीत. पावतीही आली नाही. आला तो फोनवर संदेश : खात्यातून १०,००० रुपये वजा झाले आहेत.

संध्याकाळी आम्ही शाळेतून परतलो तेव्हा मातोश्री तो फोन हातात धरून ओसरीवर बसल्या होत्या. ‘‘म्हजे पयशे खंय गेले रे?’’ एवढेच त्यांनी विचारले. प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मिळावयास एकेचाळीस दिवस लागले.

ज्याला सारे जण ‘कस्टमर केअर’ म्हणतात त्या क्रमांकावर आम्ही त्याच रात्री फोन लावला. केअर म्हणजे काळजी. ती कोणी कोणाची करावयाची हे त्या नावातून स्पष्ट होत नाही. अनुभवान्ती आम्हांस वाटते की ती ग्राहकानेच करावयाची असते. प्रथम भाषा निवडावयाची होती. कोंकणीसाठी कोणता आकडा दाबावा ते मातोश्रींनी कान देऊन ऐकले. कोंकणी १९९२ साली भारतीय घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण या यंत्राच्या अनुसूचीत ती अद्याप आलेली नव्हती. मराठीचा आकडा होता. तो दाबला, तर पलीकडून एक तरुण हिंदीत बोलू लागला. मातोश्रींची हिंदी जुन्या चित्रपटांतील गाण्यांपुरती. तेव्हा फोन आम्ही हाती घेतला. त्यावर खातेदार स्वतः बोलत नसल्यामुळे माहिती देता येत नाही, असे उत्तर आले. मातोश्री बोलल्या तर त्यास कळेना, आणि आम्ही बोललो तर त्यास चालेना. पुढे मातोश्रींनी आपले नाव व जन्मतारीख सांगावयाची आणि मग फोन आमच्याकडे द्यावयाचा, अशी तोड आम्ही काढली.

खाते एका बँकेचे व यंत्र दुसऱ्या बँकेचे, असा योग जुळून आला होता. खात्याच्या बँकेने सांगितले, ते यंत्र आमचे नव्हे. यंत्राच्या बँकेने सांगितले, ते खाते आमचे नव्हे. दोघेही खरेच बोलत होते. सत्य बोलूनही मनुष्याला किती फिरवता येते, याचा एवढा चोख नमुना आम्ही दुसरा पाहिलेला नाही. आठ दिवसांत अकरा फोन झाले. अकराही वेळा आम्ही सारी कथा अथपासून सांगितली, कारण दर खेपेस आवाज नवा, आणि जुन्या आवाजाने काय लिहून ठेवले आहे ते नव्या आवाजाला एक तर दिसत नसे, नाही तर ते वाचावयास त्याला सवड नसे. ‘समजलं, सर’, ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, सर’ अशी साथ मात्र वाक्यागणिक मिळे. ‘व्हय म्हाराजा’चेच हे नवे रूप होते. उणीव एवढीच की साथ देणारे हजर होते आणि देव जागेवर नव्हता. सहाव्या दिवशी एक संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ आम्ही लगबगीने खाते पाहिले. निवारण तेवढे झाले होते. रुपये आले नव्हते.

इकडे चवथ थांबणारी नव्हती. आम्ही आमचे पैसे पुढे केले, पण लेकीचे वजें आपल्या साठवणीतूनच जावे हा मातोश्रींचा हट्ट. अखेर गावातील पसरकाराने सगळे सामान उधार दिले. वहीत नाव लिहिले, रक्कम लिहिली, आणि ‘‘चवथ जांव दी, मागीर पळोवया,’’ म्हणाला. त्याच्या तागडीबद्दल गावात दोन मते आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. आम्ही त्यास संत ठरवू इच्छीत नाही. पण त्याच्यापुढे उभे राहिले असता तो माल देणाराही तोच, चूक कबूल करणाराही तोच, आणि नाही म्हणावयाचे झाले तर तोंडावर नाही म्हणणाराही तोच. तक्रार घेणारा आणि निर्णय करणारा अशी दोन माणसे त्या लाकडी फळीच्या पलीकडे नसतात.

आता आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगितली नाही तर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार उरत नाही. ५ सप्टेंबर, शिक्षकदिन. सकाळी विद्यार्थ्यांनी आम्हांस गुलाबाची फुले दिली, आणि आमचे सर कधी रागावत नाहीत, असे एका मुलीने भाषणात सांगितले. संध्याकाळी अकराव्या फोनवर जी मुलगी बोलली तिचे वय आवाजावरून बावीस-तेवीसच्या पलीकडे नसावे. तिने तेच विचारले, आम्ही तेच सांगितले, आणि ‘‘तक्रार नव्याने नोंदवू का, सर?’’ असे तिने म्हणताच आमचा तोल गेला. ‘‘तुम्हांला शाळेत कोणी काही शिकवले आहे की नाही?’’ असे आम्ही ओरडलो. पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग त्याच ठरीव स्वरात ती म्हणाली, ‘‘आणखी काही मदत करू शकते का, सर?’’ मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी आमची एक माजी विद्यार्थिनी देवदर्शनास घरी आली. दहावीनंतर तिची आमची गाठ क्वचितच पडलेली. आता पुण्यास असते, नोकरी करते, असे तिने सांगितले. कसली नोकरी म्हणून विचारता ती थोडी थांबून म्हणाली, ‘‘फोनवर तक्रारी घेते, सर.’’ आमच्या हातातील पंचखाद्याची वाटी तशीच राहिली.

ती आमच्यावर ओरडण्याचा प्रसंग आलेली मुलगी नव्हे. तिची कंपनी निराळी, काम निराळे. पण तिने जे सांगितले ते ऐकून गेल्या दहा-बारा दिवसांचे कोडे आम्हांस उलगडू लागले. ज्या संस्थेच्या नावाने ती बोलते त्या संस्थेची ती नोकर नाही. फोन घेण्याचे कंत्राट ज्या दुसऱ्या कंपनीस दिले आहे तिची आहे. प्रत्येक संभाषणाची मिनिटे मोजली जातात आणि तिची सरासरी वरिष्ठांपुढे जाते. संभाषण लांबले तर तिचा दोष. समोरच्याने शिवी दिली तरी फोन खाली ठेवता येत नाही. काय बोलावयाचे तेही बहुतांशी पडद्यावर लिहून आलेले असते. उत्तराचा संदेश ग्राहकास गेला की तक्रार मिटली असे धरले जाते. त्याचे काम झाले की नाही, हे त्या हिशेबात येत नाही. ‘‘सर, लोक आम्हांला म्हणतात, एवढे करून टाक ना,’’ ती म्हणाली. ‘‘पण आमच्या पडद्यावर ‘पैसे परत करा’ असे बटणच नसते.’’

हे वाक्य आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ घोळवीत बसलो. आम्ही अकरा वेळा ज्यांच्याशी भांडलो त्यांच्यापाशी ते बटण नव्हते, आणि ज्यांच्यापाशी ते होते त्यांनी आमचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. ही व्यवस्था कोणाच्या आळसातून झालेली नाही, ती योजून केलेली आहे, असे आमचे मत झाले आहे, आणि त्यास आधारही आहे.

डेन्मार्कमध्ये एर्लांग नावाचा एक गणिती होऊन गेला. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर काही वर्षे तो शाळामास्तर होता, म्हणून आम्हांस त्याच्याविषयी विशेष आपुलकी. पुढे तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेला आणि १९०९ साली त्याने टेलिफोनच्या संभाषणांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. फोन करणारे केव्हा करतील याचा नेम नसतो, तरी पुष्कळ फोनांचा एकत्र विचार केला म्हणजे त्यांत एक नियम दिसतो, हे त्याने दाखविले. त्याने पुढे सिद्ध केलेल्या सूत्रांवरून इतके फोन येत असतील, प्रत्येक इतकी मिनिटे चालत असेल, आणि इतकी माणसे उत्तर द्यावयास बसविली असतील, तर फोन करणारास सरासरी किती वेळ तिष्ठावे लागेल, ते काढता येते. टेलिफोनच्या रहदारीच्या मापास आज जगभर ‘एर्लांग’ असेच म्हणतात. याचा अर्थ ध्यानी घ्यावा. ‘आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत’ हे वाक्य एखाद्या दिवशी ऐकू आले तर तो योगायोग म्हणता येईल. ते दररोज, प्रत्येक वेळी ऐकू येऊ लागले म्हणजे मात्र आपण किती वेळ थांबावे हे कोणी तरी आधी हिशेब करून, पगाराच्या खर्चाशी ताडून पाहून, ठरविलेले असते. आमच्या नववीच्या मुलांना गणित कशासाठी शिकावयाचे असा प्रश्न नेहमी पडतो; त्यांना हे एक उदाहरण द्यावे.

थांबणाराचे मन रमावे म्हणून संगीताची सोय केलेली असते. हीही युक्ती जुनी आहे. आल्फ्रेड लेव्ही या अमेरिकन कारखानदाराच्या इमारतीत टेलिफोनची एक सैल तार लोखंडी तुळईस टेकली, शेजारच्या रेडिओ केंद्राचे कार्यक्रम तीत उतरू लागले, आणि फोनवर ताटकळलेल्या मंडळींना आपोआप गाणी ऐकू आली. त्याने ती कल्पना उचलली. १९६२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६६ साली ते त्यास मिळाले. योगायोग असा की त्याच १९६२ सालच्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या संसदेस पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, आणि आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा. १५ मार्च हा दिवस जगभर ग्राहक हक्क दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे. ऐकून घेतले जाण्याचा हक्क आणि ताटकळत ठेवण्याचे संगीत, दोन्ही एकाच वर्षीची अपत्ये. त्यांतले दुसरे अधिक बाळसे धरून आहे.

आपल्याकडे या हक्काचा विचार झालाच नाही असे मात्र कोणी समजू नये. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू करणारे बिंदुमाधव जोशी हे १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले होते; गोमंतकीयांस त्यांचे नाव परके वाटू नये. पुढे मुंबईतही ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन मानतो. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात आहे. त्यातली एक तरतूद आमच्यासारख्या लहान गावच्या लोकांस फार मोलाची आहे : ग्राहकाला आता तो जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीस असो की बंगळूरला, तिच्या उंबऱ्याशी जाण्याचे कारण नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही पडत नाही. सरकारची राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ या क्रमांकावर आहे. (होय, तोही एक फोनच आहे, हसणाऱ्यांनी हसून घ्यावे.)

आमच्या प्रकरणी तर नियम इतका स्पष्ट होता की तो वाचल्यावर आम्हांस आमचीच कीव आली. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे खात्यातून रक्कम वजा झाली आणि यंत्रातून नोटा आल्या नाहीत, तर पाच दिवसांच्या आत ती रक्कम बँकेने आपण होऊन परत जमा करावयाची असते. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसास १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. यंत्र कोणाचे, हा प्रश्न ग्राहकाने सोडवावयाचाच नाही. त्याने कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेकडे जावे, पुढचे दोन बँकांनी आपसांत पाहावे. यंत्रात किती नोटा भरल्या, किती बाहेर गेल्या, किती शिल्लक राहिल्या याचा ताळा घेतला जातोच. न दिलेले दहा हजार कोठे तरी जास्तीचे म्हणून दिसत असणारच. म्हणजे मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या आठवड्यातच कोठल्या तरी वहीत लिहिलेले होते. ती वही आणि तो फोन यांची मात्र एकमेकांशी ओळख नव्हती.

हे सारे आम्हांस ठाऊक का नव्हते? आम्ही पदवीधर आहोत, दररोज वर्तमानपत्र वाचतो, मुलांना नागरिकशास्त्राचे धडे देतो. तरी संकट येताच आम्हांस फोन सुचला, कारण बोलणे सोपे असते आणि बोलून झाल्यावर आपण काही तरी केले असे वाटते. निघताना आमची विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘फोन करू नका, सर. लिहा. लिहिलेले कोणाला तरी उघडावे लागते.’’ मग हसून म्हणाली, ‘‘तुम्हीच तर शिकवले होते. तक्रारपत्र.’’

शिकवले होते खरे. आणि पाचांपैकी तीन गुण दिले होते, हेही तिच्या लक्षात होते. मायना चुकला होता, ‘आपली विश्वासू’ जागेवर नव्हते. तिच्या पत्रात तक्रार काय होती, ती कोणाकडे होती, त्यावर त्याने काय करावे असे तिचे म्हणणे होते, यांतले आम्हांस काहीही आठवेना. आम्ही ते वाचलेच नसावे. पत्राचा सांगाडा पाहून गुण देणे आणि तक्रारीचे उत्तर न वाचता ती ‘मिटली’ म्हणणे, यांत फारसे अंतर नाही.

१० सप्टेंबरला आम्ही मातोश्रींच्या वतीने पत्र लिहावयास बसलो. प्रथम सवयीने पाऊण पान ‘अत्यंत खेदाने कळविण्यात येते की’ या थाटाचे झाले. ते फाडले. मग देवळातले गाऱ्हाणे आठवले. त्यात कोण, कुठला, काय अडले, काय हवे, एवढेच असते. आणि ज्याच्या हाती सोडविणे आहे त्याच्यापुढेच ते घातले जाते. त्याच बेताने दुसरे पत्र उतरले. खाते क्रमांक, यंत्राची जागा, दिनांक, वेळ, रक्कम. तक्रारीचा क्रमांक आणि तो ‘निवारण’वाला संदेश. परिपत्रकाची तारीख. मागणी दोन ओळींची : मूळ रक्कम आणि दररोजचे शंभर रुपये. शेवटी एक वाक्य : तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. (१२ नोव्हेंबर २०२१ रोजी निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यात आल्या, तेथे तक्रार करण्यास पैसे पडत नाहीत.) पत्र मातोश्रींनी ऐकले, ‘‘इतकेंच?’’ असे विचारले आणि सही केली. एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर पोच घेतली. तेच पत्र बँकेच्या तक्रार-अधिकाऱ्यास ई-मेलने पाठविले.

९ ऑक्टोबर रोजी, तीस दिवस भरावयास एक दिवस उरला असताना, दहा हजार रुपये जमा झाले. दिलगिरी नाही, खुलासा नाही, आणि भरपाईही नाही. आम्ही दुसरे पत्र लिहिले : ४ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर, दिवस ३६, रुपये ३,६००. हे मात्र पंधरा दिवसांत आले. मातोश्रींस त्याचा आनंद झाला असे म्हणवत नाही. पसरकाराची उधारी त्यांनी त्याच संध्याकाळी फेडली. बहिणीकडे वजें वेळेवर गेले होते, परंतु उधारीवर गेले होते, ही रुखरुख भरपाईने भरून निघाली नाही. त्या आता बँकेच्या खिडकीतूनच पैसे काढतात, रांगेत उभ्या राहून.

जुने ते सारे सोने, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. आमचे आजोबा पोर्तुगीज अमदानीतील कचेऱ्यांच्या गोष्टी सांगत. मुद्रांकित कागदावर परक्या भाषेत अर्ज लिहवून घ्यावा, तो घेऊन कोसभर चालत जावे, आणि ‘फाल्यां या’ ऐकून परत यावे. फोनवरच्या सेवेने पुष्कळ कामे सोपी केली आहेत. मध्यरात्री कार्ड हरवले तर ते घरबसल्या बंद करता येते, ही सोय लहान नव्हे. आमची तक्रार तिच्या असण्याबद्दल नाही. ऐकण्यासाठी एक मनुष्य ठेवावा आणि त्याच्या हाती काहीच देऊ नये, याबद्दल आहे. आता तर तो मनुष्यही जाऊन त्याच्या जागी आपोआप उत्तरे लिहिणारे यंत्र येत आहे. त्याच्यावर ओरडले तर निदान कोणाच्या मुलीला लागणार नाही, एवढाच त्यातला दिलासा.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. हे सर्व वाड्यावर कळले तेव्हा रोज दारावर येणारी मासळीवाली म्हणाली की तिचेही पाचशे रुपये अशाच एका यंत्रात गेले होते. कधी? दोन वर्षे झाली. मग काय केले? काही नाही. पाचशांसाठी बाजार बुडवून कोण फिरणार, आणि तिला लिहिता येत नाही. तिच्या पाचशांचे काय झाले असेल? नियमाप्रमाणे ते मागितल्यावाचून परत आले पाहिजेत. मातोश्रींचे दहा हजार परत यावयास दोन पत्रे, एक परिपत्रक आणि एक बी.ए. झालेला मुलगा लागला. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांचा थकवा कोणाच्या तरी खात्यात जमा होत असला पाहिजे. तिचे पत्र आता लिहावे तर दिनांक तिला आठवत नाही. चवथ होऊन गेल्यावर कधी तरी, एवढेच ती सांगते. तरी लिहावयाचे ठरले आहे.

शिक्षकदिनी ज्या मुलीवर आम्ही ओरडलो तिची क्षमा मागण्याचा मार्ग आम्ही शोधून पाहिला. त्याच क्रमांकावर फोन करून विचारले. असा विषय नोंदविण्याची सोय नाही, असे एका विनयशील तरुणाने सांगितले, आणि आणखी काही मदत करू का, असे विचारले.

वर्गात तक्रारपत्र शिकविताना ‘तुमच्या गल्लीत पाणी येत नाही असे समजून’ या प्रकारचे कल्पित विषय देणे आम्ही सोडले आहे. समजून कशाला? शाळेच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची हमीची मुदत अजून बाकी आहे आणि ते कैक आठवडे बंद आहे. कार्यालयातून फोन करून करून आमचे कारकून कंटाळले. तेव्हा नववीच्या मुलांनी कंपनीस पत्र लिहिले. तीन मसुदे झाले, तिसरा मुख्याध्यापकांच्या सहीने रजिस्टर टपालाने गेला. पत्र पोचल्याची पावती वर्गात भिंतीस लावली आहे, आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मुले रोज सकाळी एक आकडा पुसून दुसरा लिहितात. हा लेख मुद्रणास देताना तेथे १९ लिहिलेले आहे.